बारा विमानं राहिलीत

९ मार्च, सकाळी दहा

प्रिय आजीबाई,

इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशीलच. फोनवर तू आवाज मोठा करून सगळ्या घराला ऐकवतेस. हे तुझ्यापुरतं आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण पेन खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, तर म्हण.

कुंड्यांना पाणी घालतो. दूध उतू जातं, पण रोज नाही. तू लेकीकडे नातीला सांभाळायला गेल्यापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. दोन मिनिटं बसलो की नळ बंद आहे का बघायला उठतो. परत बसतो, तर दाराची कडी आठवते.

जहाजाचं विचारलं होतंस. वजनकाट्यांच्या वर्कशॉपमधल्या मंडळींनी मला निवृत्तीला दिलेलं ते प्लास्टिकचं जपानी विमानवाहू जहाज. "हे जोडून झालं की येतो" म्हणालो, त्याला चार महिने होतील. आधी म्हणालो, सूचना जपानीत आहेत. मग म्हणालो, रंग वाळत नाही. मग गोंद संपला. सूचना जपानीत असल्या तरी चित्रं आहेत, आणि गोंदाची बाटली अजून अर्धी भरलेली आहे.

जहाज जानेवारीतच झालं. दीड वीत लांब, वर सपाट डेक, बाजूने खाली वाकलेलं धुराडं, सगळं जागच्या जागी. राहिली ती डेकवरची विमानं. एकवीस आहेत, एकेक अंगठ्याच्या नखाएवढं, आणि चाकं त्याहून बारीक, मोहरीएवढी. चिमट्याने चाक उचलतो, विमानापर्यंत नेतो आणि तिथे घोडं अडतं. नऊ झाली, बारा राहिलीत. काल एक चाक उडालं. गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधलं, सापडलं, लावताना पुन्हा उडालं. शेवटी विमानच भिंतीवर फेकलं. फेकायला मात्र हात बरोबर चालला.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. माझा उजवा हात थरथरतो. चाळीस वर्षं मी सोनारांचे काटे दुरुस्त केले, श्वास लागला तरी हलणारे. त्याच हातात आता कप धरला की बशी वाजते. तू जायच्या आधीपासून. म्हणून तर मी मगमधून चहा घ्यायला लागलो, आणि तू म्हणालीस, म्हातारा फॅशनेबल झाला. मी हसलो होतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी बरोबर आणा म्हणाले. मी हो म्हणालो आणि परत गेलोच नाही.

मनाशी ठरवलं होतं, एकवीस विमानं बसवता आली तर नात उचलता येईल. दवाखान्यात नर्सने तिला माझ्यापुढे धरलं तेव्हा मी हात खिशात घातले आणि सर्दी झालीय म्हणालो. लेकीचा चेहरा तू पाहिला नसशील, मी पाहिला. परवा फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, "बाबा, मुलगी झाली म्हणून नाराज आहात का?"

मी म्हणालो, "जहाज होऊ दे, येतो."

असलं उत्तर दिलं मी पोरीला. तेव्हापासून जिवाला चैन नाही, या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरतोय. अगं, नाराज कसला? त्या एवढ्याशा जिवाला उचलून घ्यावंसं इतकं वाटतं, पण हातून सुटली तर?

विमानं आता होणार नाहीत. रविवारी दुपारच्या गाडीने येतोय. जहाज आणत नाही. मला भिंतीला टेकून जमिनीवर बसव, मांडीवर उशी ठेव आणि उशीवर नात. माझे हात तू धर. सोमवारी मला तिथल्या कुठल्याही डॉक्टरकडे ने.

आणि तुझ्यापुरतं म्हणालो होतो ते राहू दे. लेकीला हे पत्र वाचून दाखव, मी पोचायच्या आत. मला तोंडाने सांगायला जमणार नाही.

तुझाच, थरथरता का होईना,
म्हातारा

ता. क. पेन चांगलं आहे. परवाच नवीन आणलंय.