गाढवाच्या पुस्तकाचं शेवटचं पान

नाशिक रोड,
रविवार, २९ नोव्हेंबर १९८१

ती. सावळीराममामा आणि सुमनमामी यांना चांगुणाचा सविनय जयभीम.

आम्ही इथं सगळे धडधाकट आहोत. तुम्हीही तसेच असाल असं लिहिणार होते, पण परवा येवल्याहून भिमाजी आला होता, त्यानं सगळं सांगितलं. मामी गुडघा धरून बसतात आणि तुम्ही खोकत खोकत शिडीवर चढून लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवून देता म्हणे! मामा, निवृत्त झालेल्या ड्रॉइंग मास्तरानं खाली बसून रंगवावं. शिडीवर चढू नका. हे भाची म्हणून सांगते आहे. ग्रंथपाल म्हणून सांगायचं, तर तुमची आमच्याकडे एकच प्रत आहे.

आता पत्राचं कारण. (कारण आहे म्हणून लिहिते, एरवी आठवण येत नाही, असं मामी म्हणतील. म्हणू देत.) तुम्हाला आमच्या पेटीबद्दल मागे लिहिलं होतं. आम्ही चार शाळांचे चार ग्रंथपाल मिळून एक पत्र्याची पेटी फिरवतो. प्रत्येकानं आपल्या शाळेची दहा पुस्तकं घालायची आणि महिनाभर एकेका शाळेत पेटी मुक्कामाला ठेवायची, म्हणजे चारही शाळांच्या मुलांना चाळीस पुस्तकं वाचायला मिळतात. मी इथली. गावातल्या मुलींच्या शाळेच्या श्यामलाबाई, ज्या बोलायला लागल्या की घंटा झालेलीही ऐकू येत नाही. इंदिरानगरच्या नव्या शाळेचा मल्हारी, ज्याच्या शाळेला अजून कुंपण नाही पण उत्साह भरपूर आहे. आणि चौथे गंगाधरपंत. गंगाधरपंतांच्या ग्रंथालयातली पुस्तकं तेवीस वर्षांपूर्वी आली तशीच कोरी आहेत, कारण कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असते. पेटीत दहा पुस्तकं घालताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी धाडताना होतो तसा झाला होता. पेटी कधी मल्हारीच्या सायकलवरून जाते, कधी सिटी बसनं. एका कंडक्टरनं तिला कान लावून आत कोंबड्या आहेत का ते तपासलं होतं.

तर या दिवाळीआधी श्यामलाबाईंच्या डोक्यात आलं की बालसाहित्याला बक्षिसं मोठी माणसं देतात, कौतुकाचे लेख मोठी माणसं लिहितात, मग मुलांना कुणी विचारायचं की नाही? आपण चार शाळांचा मिळून एक पुरस्कार काढू, मुलांच्या मतानं. आम्ही तिघांनी मान डोलावली. गंगाधरपंतांनीही डोलावली, पण त्यांना वाटलं होतं की मुलं शिस्तीवरचं त्यांचं आवडतं पुस्तक निवडतील. मल्हारीला खात्री होती विज्ञानाच्या प्रयोगांची, श्यामलाबाईंना रंगीत चित्रांची. माझी खात्री मी कुणाला सांगितली नाही. प्रत्येक मुलानं चिठ्ठीवर आवडत्या पुस्तकाचं नाव लिहायचं आणि बुटाच्या खोक्यात टाकायचं, असं ठरलं.

सहाशे बारा चिठ्ठ्या निघाल्या. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मोजायला बसलो आणि हात टेकले. प्रयोगांना एकाहत्तर, चित्रांना चौऱ्याऐंशी, शिस्तीला दोन (त्यातली एक चिठ्ठी गंगाधरपंतांच्याच अक्षरात). काही मतं इतर पुस्तकांत विखुरलेली. आणि उरलेल्या चिठ्ठ्यांवर काय काय होतं! गाढवाचं पुस्तक. फाटकं पुस्तक. ज्याला शेवट नाही ते. सरदारचं. ज्याला हात लावायच्या आधी बाई हात धुवायला लावतात ते. आम्ही पाऊण तास त्यांचे वेगवेगळे ढीग लावत होतो. मग मल्हारीनं हळूच विचारलं, की हे सगळं एकच पुस्तक तर नाही? होतं, मामा! एकच होतं. आणि आमच्या शाळेचं होतं. दाखल क्रमांक ९६. दोनशे नव्वद मतं!

आता हे पुस्तक कुठलं, ते तुम्हाला एव्हाना आठवलं असेलच. कुंभाराचा पोरगा धोंडू, त्याचं सरदार नावाचं गाढव. बाजाराच्या दिवशी सरदार नाहीसा होतो आणि धोंडू त्याला शोधत सात गावं पालथी घालतो. प्रत्येक गावात कुणी ना कुणी गाढव पाहिलेलं असतं, आणि ते म्हणे अगदी ताठ मानेनं, कामाला निघाल्यासारखं चाललं होतं. शेवटी डोंगरात एक दार लागतं. धोंडू दाराला कान लावतो. आतून सरदारचं ओरडणं येतं आणि त्याच वेळी कुणीतरी हसतं. धोंडू कडी काढतो, दार ढकलतो, आणि. बस. एकशे दहावं पान तिथं संपतं. पुढचं पान नाही. मागे बाइंडरनं घातलेली आठ कोरी पानं आहेत. सुरुवातीची सहा पानंही कधीतरी गळाली, त्यामुळं नाव नाही, लेखक नाही, छापखाना नाही. वर खाकी कागदाचं कव्हर आणि माझ्या हातचा ९६.

पुरस्कार द्यायचा कुणाला, इथपासून वाद सुरू झाला. शाल-श्रीफळ आणून ठेवलंय, पण ते घालायचं कुणाच्या खांद्यावर? गंगाधरपंत फणकाऱ्यानं म्हणाले की गाढवाच्या घाला. पण मामा, त्यांचंही त्या पुस्तकावाचून चालत नाही, हे मला पुढं कळलं. ते सावकाश सांगते. श्यामलाबाईंनी तोवर आपल्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी जाहीर करून टाकलं की वीस डिसेंबरला, रविवारी, नाशिक रोडच्या शाळेच्या पटांगणावर पुरस्कार दिला जाईल आणि विजेती गोष्ट शेवटासकट वाचून दाखवली जाईल. शेवटासकट! मला न विचारता! दुसऱ्या दिवशी चारही शाळांत ती बातमी पोचली. आता पाचवी ब चा वर्ग रोज मधल्या सुट्टीत दारात उभा असतो. बाई, मिळालं का पान? नाही. बाई, उद्या मिळेल का? काय सांगू मी त्यांना?

आता मला खरोखरच चक्रावून टाकणारी गोष्ट सांगते. एवढ्या चांगल्या चाळीस पुस्तकांत मुलांनी हेच फाटकं पुस्तक का निवडलं, हे मला काही केल्या कळेना. पुस्तक नेल्याच्या तारखांची पट्टी पाहिली, तर वर्षातून तीन पट्ट्या बदलाव्या लागलेल्या. तीच ती मुलं परत परत नेतात. शेवट नाही हे माहीत असून! मग मी पुस्तक घरी आणलं आणि शेवटून उघडलं, आणि तिथंच उभी राहिले. आमचे हे प्रेसमधल्या कामावरून आले, चहा मागून मागून स्वतः करून प्यायले, तरी मी तिथंच. त्या आठ कोऱ्या पानांवर मुलांनी पेन्सिलीनं शेवट लिहिलेत, मामा. तेवीस शेवट! पुस्तकात लिहिणाऱ्याला मी काय शिक्षा करते ते तुम्हाला ठाऊक आहे. (तुमच्याकडूनच शिकले.) पण मी खोडरबर हातात घेऊन तेवीसच्या तेवीस वाचले आणि खोडरबर परत डब्यात टाकलं.

एकानं लिहिलंय, आत गाढवांची शाळा होती आणि सरदार हेडमास्तर होता, म्हणून तो ताठ मानेनं चालला होता. एकीनं लिहिलंय, आत नाशिक रोडचं स्टेशन निघालं आणि सरदार तिकिटं तपासत होता. एका सहावीतल्या महाशयांनी लिहिलंय, आत अंधार होता, समाप्त. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलंय, मग कंदील लाव की रे. एकोणिसावा शेवट मात्र शाईनं लिहिलाय, वळणदार अक्षरात, शिरोरेघ पट्टीनं ओढावी तशी. आत कपाटं ओळीनं लावलेली होती, सगळीकडे शांतता होती आणि सरदार एका कोपऱ्यात कुणालाही त्रास न देता वाचत बसला होता. हसला होता तो ग्रंथपाल. मामा, ते अक्षर गंगाधरपंतांचं आहे! पेटी त्यांच्याकडे असताना हा उद्योग झाला. मी त्यांना अजून काही बोलले नाही, पण आता ते मला शिस्तीबद्दल सांगायला लागले की हसू लपवायला मला नोंदवहीत डोकं खुपसावं लागतं.

आणि एक आहे, अगदी शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आत धोंडूची आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तीच हसली, सरदारला तिचा पत्ता आधीपासून माहीत होता. एवढंच. (सुरुवातीची पानं नसल्यामुळं धोंडूची आई कुठं गेली हे कुणालाच माहीत नाही, मुलं त्यावर तावातावानं भांडतात.) खाली नाव नाही. अक्षर मी ओळखलं. पाचवी ब मधलीच आहे. गेल्या श्रावणात तिची आई वारली. पुस्तक तिनं सात वेळा नेलंय. रोज दारात पान मिळालं का विचारणाऱ्यांत तीच सगळ्यांत पुढं असते, आणि विचारून झालं की माझ्या तोंडाकडे बघत राहते. वीस तारखेला तिला आपला शेवट बरोबर आला की चुकला ते कळणार आहे. मला त्या दिवसाची भीती वाटते, मामा, सरळ सांगते.

शोध चालू आहे. श्यामलाबाईंनी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांना पत्रं टाकली आहेत. नाव माहीत नसलेलं पुस्तक तुमच्याकडे आहे का, असं त्यांनी विचारलंय. एकाचं उत्तर आलं, आहेत, पुष्कळ आहेत. मल्हारी जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालतोय. मी आपली, तुम्ही इथं ड्रॉइंगबरोबर ग्रंथालयही सांभाळत होतात तेव्हाची, दाखल नोंदवही काढली. ९६ समोर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलंय, "किरकोळ बालवाङ्मय, प्रत १". मामा! इतरांना शिकवणाऱ्या माणसानं पुस्तकाचं नाव लिहू नये? तरी गंगाधरपंतांना आशा आहे. ते म्हणाले, सावळीराम मास्तर पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय कपाटात लावत नसत, त्यांना शेवट पाठ असेल. म्हणून आम्ही चौघांनी एकमतानं ठरवलंय की वीस तारखेचे प्रमुख पाहुणे तुम्ही. शाल तुमच्या खांद्यावर, आणि शेवट तुमच्या तोंडून. सकाळच्या एसटीनं या. मामींनाही आणा, इथं गुडघ्याचे चांगले डॉक्टर आहेत. आणि ते पान कुणी फाडलं असेल, काही अंदाज आहे का, तेही कळवा. अशा माणसाला पटांगणात कान धरून उभं केलं पाहिजे.

तुमची भाची,
चांगुणा

ता.क. भिमाजीबरोबर पाठवलेले कांदे पोचले. एवढे पाठवत जाऊ नका. शेजारीपाजारी देऊन संपेनात.

ता.क. २. वरचं ते कान धरून उभं करायचं वाक्य खोडायचं होतं, पण शाईनं लिहिलेलं खोडलं की तुम्ही रागावता. मामा, ते पान मी फाडलं. एकसष्ट साली, पाचवीत, तुमच्या घरी राहून शिकत होते तेव्हा. आठवडाभर मी धोंडूबरोबर चालत होते, शाळेत, नळावर, जेवताना. आणि एकशे अकराव्या पानावर काय, तर धोंडूला जाग आली! सगळं स्वप्न! सरदार दारात उभाच! आणि खाली ठळक अक्षरात, तात्पर्य, मुलांनी रात्री जड जेवू नये. मला इतका संताप आला की हातानं आपोआप ओढलं. दुसऱ्या कुणाला असं फसवू द्यायचं नाही, असंही वाटलं होतं. मग तुम्ही रविवारभर कपाटं ओढून ओढून ते पान शोधलंत, मी मागून केरसुणी फिरवत होते, आणि पान माझ्या दप्तरात होतं. हेडमास्तरांनी तुमच्या नोंदवहीत लाल शाईनं शेरा मारला, तोही मी पाहिला. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. मला माफ करा. सांगायचं राहून गेलं असं म्हणणार नाही. धीर झाला नाही. पुस्तकाचं नाव मात्र खरंच आठवत नाही, तेव्हाही बघितलं नव्हतं. आणि मल्हारी भद्रकालीतल्या जुन्या पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात जायला निघाला होता, तर तिथं दुसरी प्रत निघू नये म्हणून ते बंद झालंय असं मी त्याला खोटंच सांगितलं.

ता.क. ३. पान याच पाकिटात आहे, आतल्या कागदाच्या घडीत. वीस वर्षं जपलंय, एक कोपरा सोडला तर ठीक आहे. पुस्तक तुमच्या नोंदीतलं, शेरा तुम्हाला बसला, तेव्हा ठरवायचा हक्क तुमचाच. शेवट तुम्हाला पाठ आहे हेही मला माहीत आहे. येताना पान घेऊन या, नाहीतर विसरून या. मामांना हल्ली काही म्हणजे काही आठवत नाही, असं मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय.