सांबराचे वाटे

शाहूपुरी, कोल्हापूर
८ जून २०१४

चि. कुशल यास,

आबाचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तुझा फोन आला तेव्हा मला निम्मंच ऐकू आलं. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं. ऑस्ट्रेलिया आणि सांबर हे दोन शब्द तेवढे आत शिरले, बाकीचं मीनलनं लिहून कळवलं. तुझ्या बँकेतला डेस्मंड तुला व्हिक्टोरियाच्या डोंगरात शिकारीला नेणार, तिथं सांबर मारायला रीतसर परवाना मिळतो, आणि ती सांबरं म्हणे आपल्याच बाजूची, जुन्या काळी साहेबानं बोटीत घालून नेलेली. मला हसूच आलं. इथं शिकारबंदीचा कायदा झाला त्या वर्षी मी बंदूक खाली ठेवली, आणि त्याच वर्षी तू जन्मलास. आता आपल्याच सांबरामागं परमुलखात निघालास. जा बाबा, मी नको म्हणणार नाही.

पण एक अट आहे. तुझ्या आजोबांनी मला घातली होती, तीच तुला घालतो. जे पाडशील त्यातलं काही वाया जाता कामा नये. मोठा नर म्हणजे रेड्याच्या तोडीचं धूड, दोघातिघांना खाऊन संपत नाही. म्हणून बार टाकायच्या आधीच खाणारी तोंडं हेरून ठेवायची. ज्याच्या रानात पडलं त्याचा पहिला वाटा. बरोबर आलेल्यांचे वाटे सारखे. मग शेजारीपाजारी, गोरगरीब. त्यातूनही उरलं तर मीठ लावून वाळव नाहीतर लोणचं घाल. खाणारं कुणी नसेल तर समोर आलेलं जनावर सोडून आम्ही हात हलवत परत आलोय. नुसती शिंगं घेऊन येणारे तेव्हाही होते. त्यांना आमच्यात शिकारी म्हणत नसत.

हे कबूल असेल तरच जा, आणि तसं लिहून पाठव. गेल्यावर कुणाला काय वाटा दिला तेही सविस्तर लिही. मीनल आणि इराला आशीर्वाद. या म्हाताऱ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
आबा


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
२७ जुलै २०१४

ती. आबांस,

कुशलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मागच्या पत्रात तुमची अट कबूल केली होती, ती पाळून परत आलो! थंडी अशी की बोटं ट्रिगरवर आहेत की नाहीत हे बघून घ्यावं लागायचं. पहिले काही दिवस नुसती पायपीट झाली. मग एका सकाळी ओढ्याच्या अंगाला उभा दिसला. एकाच बारात खाली आला. आबा, त्या क्षणी तुम्ही शेजारी हवे होतात.

आता वाटे. रान मरे नावाच्या मेंढपाळाच्या शेताला लागून आहे, म्हणून मागचा एक अख्खा फरा त्याला. त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई एकटीच राहते, नवरा गेल्यापासून कुणी शिकारीचं मटण आणून देत नाही म्हणाली, आणि वाटा हातात घेताना तिचे डोळे भरून आले. गावातल्या चर्चमध्ये गरिबांसाठी स्वयंपाक होतो, तिथं मोठा वाटा दिला. उरलेल्याचा खिमा करून खाटकाकडून सॉसेज भरून घेतले. शिकारीचं मटण तिथं विकायला बंदी आहे, वाटायला नाही. म्हणजे कायदाही तुमच्याच बाजूचा निघाला. इकडे कच्चं मांस आणता येत नाही, त्यामुळे घरी मात्र काही नाही. मीनल म्हणते, मी फक्त मळके कपडे तेवढे आणले.

इरा तुमची आठवण काढते. कानाचं यंत्र बदलून घ्या. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

आपला,
कुशल


शाहूपुरी, कोल्हापूर
१९ ऑगस्ट २०१४

चि. कुशल यास,

आशीर्वाद. तुझं पत्र मी हेमचंद्राला वाचून दाखवलं. तुला हेमूकाका आठवत असेल, आमच्या हाक्याचा म्होरक्या. रान त्याला तळहातासारखं पाठ. त्या म्हातारीचा मजकूर त्यानं मला परत वाचायला लावला. म्हणाला, पोरानं नाव राखलं. मी वरवर म्हणालो की त्यात काय विशेष, पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. तू बँकेत मोठा झालास तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

आता एक मागणं. पुढच्या खेपेला उरलेल्याचं लोणचं घाल आणि एक बरणी कुणाबरोबर तरी पाठव. सांबर तोंडात पडून जन्म लोटला. हेमूला दात राहिले नाहीत, तो नुसतं चघळेल. हट्ट करत नाही. पण हट्टच आहे असं समजलास तरी चालेल.

मीनलला सांग, ओळख नसताना त्या म्हातारीसाठी तिचा जीव तुटतो हे तिच्या चिठ्ठीत वाचून आनंद झाला. सर्वांनी जपून असा आणि आठवण ठेवा.

तुझा,
आबा


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१६ नोव्हेंबर २०१४

ती. आबांस,

शि. सा. नमस्कार. वि. वि.

दुसरी फेरी झाली, आणि सोबत तुमचा हट्ट पाठवतोय. वाटे पहिल्यासारखेच घातले. मरेच्या स्वयंपाकघरात मी स्वतः, या हातांनी, लोणचं घातलं. शिजवून तेलात बुडवलेलं होतं, कागदपत्रं केली आणि आणलं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातली, पासिर रिसला राहणारी शुभदा कोल्हापूरला माहेरी निघाली आहे, ती बरणी घरी पोचवेल. मीनलनं त्या म्हातारीसाठी दिवाळीची म्हणून शाल दिली होती, तीही दिली. बाईंना फार आवडली, लगेच खांद्यावर घेतली.

हेमूकाकांना नमस्कार. त्यांना म्हणावं, दोन फोडी जास्त खा. कृपा असू द्यावी.

आपला,
कुशल

ता. क. आबा, नमस्कार. मेथी जरा जास्तच भाजली गेली आहे, कडवट लागली तर सांभाळून घ्या. तब्येतीला जपा. - मीनल


शाहूपुरी, कोल्हापूर
११ डिसेंबर २०१४

चि. सौ. मीनल हिस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे.

बरणी पोचली. रविवारी हेमूला जेवायला बोलावलं. तो कोट घालून आला, लग्नाला यावं तसा. मी फोड तोंडात टाकली आणि पहिल्याच घासाला कळलं की हे बोकडाचं आहे. चांगलं कोवळं, चरबीचं. सांबराला चरबी नसते पोरी, त्याचा धागा जाड असतो, आणि रानाचा एक वास असतो तो मसाल्यानंही झाकत नाही. हेमू माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, सांबरच. त्यानं चघळलं आणि म्हणाला, होय, तीच चव. त्यानं जन्मभर माझ्याबरोबर सांबर खाल्लंय. त्याला कळलं नसेल असं होणारच नाही. आम्ही दोघं म्हातारे एका बरणीपुढं बसून एकमेकांशी खोटं बोललो, आणि मग पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या.

आणि ती मेथी. कुशलला मोहरी आणि मेथी ओळखता येत नाही. ही भाजण्याची रीत तुला तुझ्या सासूनं शिकवलेली. म्हणजे लोणचं तू घातलंस. चांगलं झालंय, त्याबद्दल मी रागावलो नाही.

मला एवढंच सांग. त्या सांबरांचं मांस कुणी खाल्लं? तू त्याची बायको आहेस, मी तुझ्याकडं काय मागतोय ते मला कळतं. नाही लिहिलंस तरी तुझ्यावर राग धरणार नाही. इराला गोड पापा.

तुझा,
आबा


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१८ जानेवारी २०१५

ती. आबांच्या चरणी,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं आणि त्या ड्रॉवरकडे जाणंच टाळत होते.

बरणीतलं मटण मी इथल्या टेक्का मार्केटमधून आणलं. ह्यांनी मला सांगितलं होतं की वाटे घालून काही उरलंच नाही, आणि उरलं असतं तरी आणता आलं नसतं. आबांची इच्छा आहे, त्यांचं समाधान होऊ दे, त्यात कुणाचं काय बिघडतं, असं म्हणाले. मला वाटलं, वडिलांवरच्या मायेनं करतायत. म्हणून मोहरी वाटून दिली. मरे, चर्च, ती म्हातारी, हे सगळं मी खरंच धरून चालले होते. तुमचं पत्र आल्यावर ह्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी चर्चच्या दाराचा रंगसुद्धा. तुम्हाला तसंच लिहायचं मी ठरवलंही होतं.

मग मागच्या शनिवारी डेस्मंडनं इथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या त्याच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यानं हौसेनं टीव्हीवर दोन्ही फेऱ्यांचे व्हिडिओ लावले. आबा, कसं लिहू? डोंगराच्या उतारावर ते जनावर पडलं होतं. ह्यांनी पाठीचं मांस तेवढं काढलं, रात्रीच्या जेवणापुरतं. डोकं शिंगांसकट तोडून घेतलं आणि बाकी सगळं तिथंच टाकून चालते झाले. दुसऱ्या फेरीत तर एक मारून झाल्यावर दुसरं, मग तिसरं. पहिलं पडलेलं होतं त्याच्यावरून कावळे उठत होते आणि हे त्याच्या बाजूनं हसत पुढं गेले. डेस्मंडला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. म्हणाला, इतकं वजन गाडीपर्यंत कोण वाहून नेणार, पुष्कळ जण असंच करतात. मी मरेचं काय असं विचारलं. त्यानं मलाच विचारलं, मरे कोण.

इरा उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली. परत येताना एमआरटीच्या गाडीत तिनं बापाला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सुनावलं, की आजोबांना फसवायला त्यांनी अख्खी एक फेक आंटी बनवली, सो बॅड लाह. लोक बघत होते. हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

माझी शाल कुठं गेली हे मी अजून विचारलेलं नाही. मी ती दुकानात कितीतरी वेळ निवडत होते, त्या बाईंना कुठला रंग शोभेल म्हणून. माझी फसवणूक झाली त्याचं दुःख आहेच, पण तुमच्या तोंडात ती फोड माझ्या हातची गेली याची लाज जास्त वाटते. हे पत्र लिहिलंय ते मी ह्यांना आजच सांगणार आहे.

मला क्षमा करा, आणि सून म्हणून माया केलीत ती काढून घेऊ नका.

तुमची,
मीनल


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
८ फेब्रुवारी २०१५

ती. आबांस,

शि. सा. नमस्कार.

मीनलनं तुम्हाला काय लिहिलं ते कळलं. खोटं नाही. पण तिनं आधी लिहिलं आणि मग मला सांगितलं, हे मला लागलं. घरातलं माणूस असं परस्पर वागेल असं वाटलं नव्हतं.

आबा, तुम्ही तो डोंगर पाहिलेला नाही. तुमच्या वेळी हाकेवाले होते, गावं होती, वाहून न्यायला माणसं होती. आम्ही दोघं, खाली रस्ता नाही, आसपास वस्ती नाही. तुमची अट तिथं पाळता येण्यासारखी नव्हती. तसं लिहिलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतंत, आणि मला जायचं होतं. पहिलं पत्र वाचून तुम्हाला इतका आनंद झाला की मग मागं फिरणं जमेना. त्या म्हातारीचं मनात कुठून आलं, माझं मलाच ठाऊक नाही. चूक झाली. आता शिकारीला जाणार नाही, शब्द देतो.

बाकी सर्व ठीक. इराला शाळेच्या वादविवाद संघात घेतलं आहे. मी रोज सकाळी समुद्राकाठी चालतो, ब्लडप्रेशर आता नॉर्मल आहे. मे महिन्यात आम्ही तिघं येतो आहोत, तिकिटं काढली. राग सोडा. तुमच्या पत्राची वाट बघतोय.

आपला,
कुशल


शाहूपुरी, कोल्हापूर
२ मार्च २०१५

चि. सौ. मीनल हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्यावरची माया आहे तिथंच आहे, ती काळजी करू नकोस. खरं लिहायला तुला किती जड गेलं असेल ते मला दिसतं.

कुशलचं पत्र आलं. हेमू विचारत होता, मी त्याला दाखवलं नाही. लहानपणापासूनची कुशलची सगळी पत्रं मी जपून ठेवलीत, होस्टेलवरून पैसे मागितलेलीसुद्धा. हे वाचलं आणि कुठं ठेवावं ते कळेना. टेबलावरच पडलंय.

त्याचं अक्षर पूर्वीसारखंच आहे, वळणदार. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. डोंगर उंच होता म्हणतो, तो असेल. मला माझा मुलगा त्यात सापडत नाही.

तो लिहितो, इराला वादविवाद संघात घेतलं. त्याचं ब्लडप्रेशर उतरलं. मे महिन्यात तुम्ही तिघं येणार, तिकिटं काढलीत.

मीनल, यातलं खरं काय ते तू कळव. मग मी आनंद करीन.

तुझा,
आबा