हार्ड डिस्क मी नेली आहे

वृषाली,

कपाटात हार्ड डिस्क दिसली नाही म्हणून घाबरू नकोस, ती मी पिशवीत घालून नेते आहे. तुझ्यावर रागावून नव्हे गो! तुझ्या हातून चुकून पुसलेल्या माझ्या कीर्तनांच्या बदल्यात तुझा भाऊ देवरुखहून दुसऱ्या कीर्तनांच्या सीड्या आणतोय आणि तू त्या हिच्यातच भरणार, असं मिलिंद बोलून गेला. मारुती मंदिराजवळचे कॉम्प्युटरवाले साळवी फोनवर म्हणाले, "काकी, पुसलेलं अजून आत असतं. वर नवीन भरलंत तर मग देवालाही काढता यायचं नाही." देवाला मध्ये कशाला घेता, म्हटलं, पण ऐकलं त्यांचं आणि डिस्क त्यांच्याच दुकानात नेते आहे.

व्हिडिओ मोठे आहेत, सगळे अखंड मिळतीलच असं नाही. एखादा पूर्वरंग पुरा येईल नि उत्तररंगातली कथा मध्येच तुटेल. तुटू दे. कथा मला तोंडपाठ आहेत, उरलेली मी तुला सांगेन.

तुला बोलला म्हणून मिलिंदला मी सुनावलं आहे, माझा लेक असला तरी. त्याच्याच फोटोंना जागा करताना हे झालं, ह्याचीही आठवण करून दिली.

आमटी केली आहे. आज पोटभर जेव, कालचं ताट तसंच होतं.

संध्याकाळी देवळात कीर्तन आहे. मी दुकानातून परस्पर तिकडे जाते आणि सतरंजीवर शेजारी तुझी जागा धरते. बुवा उभे राहायच्या आत ये. त्या जागेवर कोणी बसायला आलं तर मी भांडेन, आणि देवळात भांडायला मला आवडत नाही.

आई