खरीखुरी सभा

सांगली,
१२ मार्च १९७४

तीर्थस्वरूप नाथाजीमामा यांस जालिंदरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामींच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, आणि त्याबरोबर त्यांचा तुमच्यावरचा रागही. इकडे मी ठणठणीत, फक्त नोकरी अत्यवस्थ आहे. येत्या रविवारी आपल्या कॉलेजच्या मंडळापुढे मला काढून टाकायचा ठराव येतोय. तुम्ही मंडळावर असून हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, यातच काय ते आलं.

माझा गुन्हा ऐका. बी.कॉम.च्या सहकार विषयाला वर्षानुवर्षं तोच प्रश्न: 'सर्वसाधारण सभा म्हणजे काय?' पोरं गाइड पाठ करतात, पदवी घेतात, सोसायटीत सेक्रेटरी म्हणून चिकटतात आणि प्रोसिडिंग लिहायला मलाच बोलावतात! म्हणून म्हटलं, यंदाची चाचणी परीक्षा सभा भरवूनच घेऊ. वर्ग म्हणजे दूध सोसायटी, विषय एकच, टेम्पो घ्यावा की नाही. बोलणाऱ्याला मार्क, विचारणाऱ्याला मार्क, लिहिणाऱ्याला मार्क.

अध्यक्ष झाला आकाराम. (याचे वडील लालासाहेब, म्हणजे गावच्या सोसायटीचे जन्मजात असल्यासारखे चेअरमन, आणि तुमच्या शेजारी मंडळावर बसणारे.) त्यानं विषय वाचायला तोंड उघडलं तोच पुढच्या बाकांवरून आरोळी, "मंजूर! मंजूर!" मुलींच्या बाकावरून एकटी बनाबाई उभी राहिली. "आवं अध्यक्ष, टेम्पो कुणाचा घेणार, तेवढं तरी सांगा." तर हा म्हणतो, "ताई, बसा खाली, चा गार व्हाय लागलाय." हार घातले, चहा झाला, सभा संपली! बनाबाई सोडून सगळा वर्ग मी नापास केला. आकारामला फैलावर घेतलं, तर तोंड वर करून म्हणाला, "सर, तुमीच म्हणला हुता खरीखुरी सभा घ्या. आमच्या आबांची अशीच असती."

आता लालासाहेब म्हणतात, मी सहकाराची टिंगल केली. मी केली? चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मामा, मी हटणार नाही. विषय नीट वाचला जावा, ज्याला विचारायचं त्यानं विचारावं, मगच ठराव व्हावा, हे माझं तत्त्व आहे. त्यापायी नोकरी गेली तरी बेहत्तर.

मामींना नमस्कार, धाकट्यांना पाठीवर थाप.

तुमचा संतापलेला भाचा,
जालिंदर

ता. क. रविवारी जरा लवकर जाऊन पुढची खुर्ची धरा. माझा ठराव वाचून व्हायच्या आत "नामंजूर! नामंजूर!" म्हणून ओरडा. कुणी काही विचारायला उठलंच, तर चहा मागवा.

आणखी ता. क. तुमचा घसा बसतो, म्हणून साथीला आकारामला खिडकीशी उभा करतोय. स्वतःच्या बापाविरुद्ध ओरडायला तो तयार झालाय, पण त्यासाठी चाचणीत त्याचा पहिला नंबर काढावा लागला. बनाबाईच्या कानावर मात्र यातलं काही जाऊ देऊ नका. ती विचारील.