बालवाडीतला एकमेव पुरुष

१२ जुलै

ती. ताईस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितोय म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी वाच. मी हल्ली एका बालवाडीत शिकवतो. हसून झालं की पुढच्या ओळीवर ये.

झालं असं, की ज्या कारखान्यात मी वेल्डिंग करत होतो, त्यांनी मला इथे घसरगुंडी बसवायला पाठवलं. नटबोल्ट आवळत होतो, तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, दोन मिनिटं या पोरांकडे बघाल का. त्या दोन मिनिटांना आता तीन महिने झाले. मोठ्या बाई म्हणजे इथल्या सर्वेसर्वा. मुख्याध्यापकाची जागा रिकामी आहे आणि एकोणीस वर्षं त्या ती 'तात्पुरती' सांभाळताहेत. शिवाय आणखी पाच बाई, आणि मी. कपाट सरकवायचं, मी. पंखा पुसायचा, मी. माळ्यावर पाल आहे का बघायचं, तेही मीच, आणि मी पालीला किती घाबरतो ते तुला माहीत आहे. एक पोरगी आहे, ती चावते. सगळ्यांना नाही, ज्यांच्या बाहीला बटण आहे त्यांनाच. ते राहू दे, मला सांगायचं होतं वेगळंच.

इथल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. बाई सवयीने बसतात. माझ्याखाली दोन मोडल्या, तेव्हा ऑफिसातली एकुलती एक मोठी खुर्ची मोठ्या बाईंनी माझ्या वर्गात आणून ठेवली. गुरुवारी मुलं घरी गेल्यावर आम्ही सगळे भिंतीसाठी कागदाचे मासे कापत होतो. सहाजणी अर्धगोलात खाली, मधोमध मी मोठ्या खुर्चीत. आणि आले की तपासणी अधिकारी! तडक माझ्यापाशी येऊन कमरेतून वाकून नमस्कार. मी म्हटलं, इथल्या प्रमुख मी नाही, या मोठ्या बाई. ते हो हो म्हणाले आणि बाईंना म्हणाले, जरा चहाचं बघा. बाई उठल्यासुद्धा. पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि मी गप्प, कारण डिंकाने माझी बोटं एकमेकांना चिकटली होती आणि सगळं लक्ष तिकडे होतं. अहवालात काय लिहिलंय माहितीये? मुख्याध्यापक तरुण, मितभाषी, सर्वांना बरोबर घेऊन चालणारे. आम्ही पोट धरधरून हसलो.

भाचीला एक मासा पाठवतोय. भाऊजींना नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


२० जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत मोठ्याने वाचलं. भूगोलाच्या बाईंना हसताना ठसका लागला. विज्ञानाचे सर मात्र म्हणाले, अधिकाऱ्यांची चूक तशी स्वाभाविकच आहे. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

मासा पोचला. डोळा शेपटीकडे काढला आहेस. वेल्डिंगचं ठीक होतं तुझं.

इकडची बातमी अशी, की आमचे हेडसर निवृत्त झाले आणि आठ ऑगस्टला त्या जागेसाठी मुलाखती आहेत. मी अर्ज केलाय. चोवीस वर्षं नोकरी, त्यातली सात पर्यवेक्षिका म्हणून. वेळापत्रकापासून पालकांच्या भांडणांपर्यंत सगळं माझ्याच टेबलावर येतं, तेव्हा या खेपेला अवघड नाही असं सगळे म्हणतात. विज्ञानाच्या सरांनीही अर्ज केलाय, पण ते माझ्याहून नऊ वर्षांनी कनिष्ठ. आपलं सहज केला, असं तेच म्हणाले. तुझे भाऊजी रोज भाजी चिरता चिरता माझी मुलाखत घेतात. काल विचारलं, शाळेबद्दल आपलं स्वप्न काय. मी म्हटलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी. तर सुरी रोखून म्हणाले, जरा मोठं स्वप्न बघा बाई.

तू बाहीची बटणं काढून टाक. आहे तिथे टिक, आणि आमच्यावरचा लोभही टिकव.

तुझी,
ताई


३ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हसणं अंगाशी आलं. तो अहवाल संस्थेच्या अध्यक्षांनी वाचला आणि आता ते मला मुख्याध्यापक करायला निघालेत! खोटं नाही, पत्र आलंय. अठरा तारखेच्या बैठकीत होकार द्यायचाय. मी फोन करून सांगितलं, साहेब, मी दहावी, तीही दोन झटक्यांत. तर म्हणाले, पदविका काय, घरबसल्या होते. नेतृत्व उपजत असावं लागतं. ताई, माझ्यात उपजत म्हणावी अशी फक्त सर्दी आहे.

बाईंना सांगितलं. वाटलं, धुऊन काढतील. तर उलट त्यांनी सभा घेतली आणि म्हणाल्या, घ्या. कारण काय, तर नळ. अंगणातल्या नळासाठी मोठ्या बाईंनी अकरा अर्ज दिले होते. मी एकदा अध्यक्षांना रस्त्यात गाठून म्हटलं, नळ गळतोय. चौथ्या दिवशी प्लंबर हजर. (तो प्लंबर पूर्वी बँड वाजवायचा, फार गमतीदार माणूस, पण ते असो.) मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही मागा, आम्ही चालवतो. एकोणीस वर्षांत झालं नाही ते सहा महिन्यांत होईल. मागण्यांची यादीसुद्धा काढून दिली. हसत हसत म्हणाल्या सगळं. नंतर मात्र पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिल्या.

खरं सांगू? मला आवडतंय. आठ नोकऱ्या केल्या, सर म्हणून कुणी हाक मारली नव्हती. परवा वहीच्या मागे सही करून बघितली. बरी दिसते. काय करू, तू सांग.

तुझ्या मुलाखतीत त्या सरांना चारी मुंड्या चीत कर. लोभ आहेच, थोडा जास्तीचा पाठव.

तुझा,
भिंगरी


९ ऑगस्ट

चि. भिंगरीस आईचे उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, आणि पत्ता विचारायला आलेल्या एका परक्या माणसालाही. तोही बिचारा बरं झालं म्हणाला. तुझे बाबा म्हणाले, याला डोकं होतंच, बूड नव्हतं. आता बूडही आलं.

चांगले दोन शर्ट शिवून घे. बैठकीत खिशात हात घालून उभा राहू नकोस, आणि तुला किती येत नाही ते आपणहून सांगत बसू नकोस.

ताईची मुलाखत काल झाली म्हणे. तिचं काय, झालं तर झालं, नाही तर तिला तिचा संसार आहे. उगाच दोन्हीकडे ओढाताण. तुझं मात्र बस्तान बसायलाच हवं. खुशाली कळव, आईला विसरू नकोस.

तुझी,
आई


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस अ. आ.

जागा विज्ञानाच्या सरांना मिळाली.

मुलाखतीत त्यांना विचारलं, दहा वर्षांत शाळा कुठे न्याल. मला विचारलं, घरचं कसं सांभाळाल, आणि उशीर झाला तर घरचे चालवून घेतात का. भाऊजींच्या तयारीत हे दोन प्रश्न नव्हते. ते आता माझ्याहून जास्त चिडलेत, भाजी फार बारीक चिरली जाते.

काल सरांनी नव्या खोलीत बोलावलं आणि वेळापत्रक कसं लावतात ते समजावून द्या म्हणाले. मी दिलं. दोन तास गेले.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. एवढंच लिहिते, की हे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्याकडून काही हिसकावलं नाही. कुणीतरी पुढे केलं, त्यांनी घेतलं.

आईला अजून कळवलेलं नाही. तब्येत जप. लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

ताई


१९ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवून काल बैठकीला गेलो. यादी समजावायला म्हणून मोठ्या बाईंनाही ओढत नेलं. लांब टेबल, पलीकडे पाच पुरुष. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मला ही जागा नको, ही बाईंची आहे. अध्यक्ष बाकीच्यांना म्हणाले, पाहिलंत, केवढा विनय! झालं, मी आणखीच पक्का. मग विचारलं, मुलं किती. मी बाईंकडे बघितलं, बाई म्हणाल्या, चौऱ्याऐंशी. अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि मान डोलावली माझ्याकडे बघून. आग लागली तर दारं किती, नवे प्रवेश किती, सगळ्याला उत्तर बाईंचं आणि मान माझ्याकडे. एकाने तर मला शाबास म्हटलं. तोंड उघडलं तर विनयशील, मिटलं तर मितभाषी. माणसाने करायचं काय?

मग सुचलं. पाणी पिऊन येतो म्हणालो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

पाच मिनिटं आत नुसतं कागद चाळणं. मग खाकरणं. एकाने दार उघडून बघितलं, मी म्हटलं, अजून तहान आहे. नाइलाजाने आत प्रश्न सुरू झाले. उत्तरं आधी बाईंच्या बालवाडीतल्या आवाजात, मग मी कधी न ऐकलेल्या आवाजात. नळाचे अकरा अर्ज त्यांनी तारखांसकट म्हणून दाखवले. कुणीतरी घरच्या जबाबदारीचं काढलं, तेव्हा त्यांनी विचारलं, हे त्या बाहेरच्या तहानलेल्यांना विचारलं होतं का. मी दाराला कान लावला होता, तुझ्यापासून काय लपवायचं.

पन्नास मिनिटांनी बाई बाहेर आल्या, हातात नेमणुकीचं पत्र. पहिलं वर्ष कामगिरी बघून पुढे, असं खाली लिहिलंय, एकोणीस वर्षं बघून झाल्यावर. पण जागा त्यांची.

जिना उतरताना मी वाट बघत होतो, की आता काहीतरी गोड बोलतील. त्यांनी विचारलं, तुमचा वर्ग आत्ता कोण बघतंय. मी म्हटलं, असेल कुणीतरी. ताई, उरलेल्या जिन्यावर मला जे ऐकवलं ते तूसुद्धा कधी ऐकवलं नव्हतंस.

आईला आजच लिहितोय. माझंही आणि तुझंही, त्या दोन प्रश्नांसकट. वाचून दाखवू दे दूधवाल्याला.

आज सकाळी मुख्याध्यापिकांच्या सहीचा पहिला कागद निघाला, तो माझ्या नावे. वर्ग वाऱ्यावर सोडून गेल्याबद्दल दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तू इतकी वर्षं लोकांचे खुलासे वाचतेस, उलट टपाली कळव. पाणी प्यायला गेलो होतो असं लिहिलं तर चालेल का? तुझा लोभ शाबूत असेलच, मोठ्या बाईंचा सध्या नाही.

तुझा,
भिंगरी