पिंगळ्याची खोटी हाक

केळशी

प्रिय धम्मदीप, जयभीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

हे गेल्यापासून पेटीत पडलेला त्यांचा कॅमेरा घेऊन अकरा दिवस आंब्याच्या ढोलीसमोर बसतेय. आत पिंगळ्याची तीन पिल्लं आहेत. काल एका पाहुण्याने मोबाईलवर पिंगळ्याची हाक वाजवली. आई आली समजून पिल्लं चोची उघडून बाहेर आली.

“बघा मावशी, दोन मिनिटांत फोटो!”

“मग भरव आता त्यांना, मेल्या!” मी ओरडले. तो हसत निघून गेला.

तूही परवा जुन्या व्हिडिओतलं ह्यांचं “चंपा, आलो गं” पाठवलंस. मला बरं वाटावं म्हणूनच, ठाऊक आहे. पण ऐकून मी दार उघडायला धावले रे. पुन्हा पाठवू नकोस.

तुझी ताई,
चंपा