व्याह्यांची झील

सांगवी, ता. बारामती
१९ जानेवारी १९९७

तीर्थरूप आबांच्या पायाशी सुकन्याचं डोकं.

पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही गोठ्यासमोरच्या बाजेवर ऊन खात बसलेले असाल आणि आई तुम्हाला उठवत असेल, असं धरून लिहिते. आईचा गुडघा कसा आहे? मी दिलेलं तेल ती गुडघ्याला लावते की दिव्यात घालते? शेळी व्याली का? इकडे आम्ही सगळे खुशाल. सासूबाई खुशाल, तुमचे जावई खुशाल, आणि माझे मामंजी, म्हणजे तुमचे व्याही सिद्धूतात्या, हेही खुशाल आहेत. (तुम्ही वर्षभर त्यांचं नाव घेतलेलं नाही, म्हणून मुद्दाम पूर्ण लिहिलं.) पत्राला तसं कारण काही नाही. मागणं तर अजिबातच नाही. घरात काय काय चाललंय ते तुमच्या कानावर असावं, एवढंच.

तर झालं असं, की तुमच्या जावयांनी पेपरात वाचलं की पुण्याची एक कॅसेट कंपनी धनगरी ओव्या काढणार आहे, आणि गायकांनी घरच्या घरी टेप करून नमुना पाठवायचा आहे. जावयांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. (मला बघायला आले तेव्हा मला सोडून तुमच्या रेडिओची पाठ उघडून बसले होते.) लगेच कंपनीला कार्ड गेलं आणि उलट टपाली नियम आले. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला चार गाणी, प्रत्येक गाण्याला नाव, मागे दुसरा कसलाही आवाज नको, आणि वरच्या कागदासाठी गायकाचा हसरा फोटो. फोटोसाठी मामंजींना बारामतीला नेलं. फोटोवाला हसा म्हणाला, मामंजींनी कशाला म्हणून विचारलं, आणि त्यानं तेवढ्यात बटण दाबलं. आता कॅसेटवर विचारणारे मामंजी येणार आहेत.

आवाज घुमू नये म्हणून मधल्या खोलीच्या भिंतींना घरातली होती नव्हती ती सगळी घोंगडी टांगली. पेटीत राहून त्यांना डांबरगोळ्यांचा असा वास लागलेला, की पहिल्या दिवशी टेपवर नुसत्या शिंका आल्या. कुकरला बंदी झाली, कोंबड्या शेजारी छबूबाईकडे पाहुणचाराला गेल्या. राहता राहिले रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर. सध्या कारखान्याचा हंगाम जोरात, आणि एकेका ट्रॅक्टरवर आपापलं गाणं मोठ्यानं लावलेलं. जावई रस्त्यावर उभे राहून हात करून गाणं बंद करायला सांगायचे. ड्रायव्हर भली माणसं, गाणं बंद करायचे, पण मग काय चाललंय ते बघायला आत यायचे आणि चांगली ओळ आली की वा म्हणायचे. कंपनीनं वाहवा चालेल की नाही ते कळवलेलं नाही.

एवढं सगळं करून सुंबरान मांडलं. आता तुम्हाला काय सांगायचं, आधी देवांना नमन झाल्याशिवाय मामंजी गोष्टीला हात घालत नाहीत. बिरोबा झाला, खंडोबा झाला, म्हसोबा, धुळोबा, मग घाटावरचे, घाटाखालचे, मग ज्या ज्या गावात मेंढरं बसली होती त्या त्या गावचे. पुणे जिल्ह्यातले देव अजून संपायचे होते आणि खटकन कॅसेटची बाजू संपली. जावयांनी बाजू पालटून पुढं म्हणा म्हटलं. मध्येच कसं सुरू करणार? मामंजींनी परत पहिल्या देवापासून धरलं, आणि मघाशी राहिलेले आठवून आठवून घेतले. अख्खी कॅसेट भरली ती नुसत्या नमस्कारांनी. जावई भीत भीत म्हणाले, थोडे देव कमी करता येतील का? मामंजी शांतपणे म्हणाले, "करू की. कुणाला काढायचं ते तूच सांग. म्हंजी त्यानं इचारलं तर तुझं नाव सांगाया बरं." तुमच्या जावयांनी दुसरी कोरी कॅसेट आणली आणि देवांना एक अख्खी बाजू दिली.

पण खरी अडचण देवांची नव्हतीच, आबा. टेप लावून ऐकली तर दर ओळीनंतर भोक. मामंजी ओळ म्हणतात, कानावर हात ठेवतात आणि गप्प राहतात. तेवढ्या वेळात तुम्ही ओळीचं शेपूट उचलून झील धरायचा ना, ती जागा ते सोडतात. गेल्या साली आपल्या कळंबच्या जत्रेत त्यांची ओळ पुरी व्हायच्या आत तुम्ही झील उचललीत, त्यांनी चारचौघांत "पावणं, घाई हाय का?" म्हटलं, आणि तुम्ही उठून गेलात. तेव्हापासून तुमचं म्हणणं, बोलावल्याशिवाय व्याह्याच्या दारात जायचं नाही. त्यांचं म्हणणं, लेकीच्या घरी यायला बोलावणं कशाला लागतं? दोघंही रिवाजाला धरून आहात. मधल्यामधे मी दोन्हीकडचं ऐकून घेते.

जावयांनी मग दोन टेप समोरासमोर ठेवून मधल्या गप्प जागा कापल्या. ते ऐकून मामंजींनाच धाप लागली. "ह्यो बाबा श्वास कवा घेतो?" म्हणाले. मग जावयांनी स्वतः झील धरून पाहिली. (त्याबद्दल मी नवऱ्याची बायको म्हणून काही लिहीत नाही. कोंबड्या तर आधीच शेजारी होत्या.) शेवटी त्यांना आमच्या लग्नातली कॅसेट आठवली. हळदीच्या दिवशी तुम्ही दोघं गायला होता. त्यातली तुमची झील उचलून त्यांनी या ओव्यांमध्ये बसवली. बसली झकास, फक्त तुमच्या आवाजाच्या मागून भांडी वाजतात आणि कुणीतरी सारखं सांगतं, नवरीच्या मामांनी लवकर मांडवात यावं. बिरोबाची मेंढरं डोंगर चढतात आणि नवरीचे मामा काही येत नाहीत.

आम्ही हसून हसून लोळलो. मामंजी हसले नाहीत. टेपमधून तुमचा आवाज आला तसे ते बसल्या जागी सावरून बसले, पटका नीट केला आणि टेपला म्हणाले, "आलात व्हय, पावणं." सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मलाही तिथं थांबवेना. आबा, मला तुमची फार आठवण आली, खोटं कशाला सांगू. तुम्ही दोघं गायचात म्हणून तर आमची सोयरीक झाली. आता सोयरीक राहिली आणि गाणंच गेलं.

कंपनीला ही कॅसेट आम्ही पाठवलेली नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मामंजी म्हणतात, झिलेशिवाय पाठवायची असंल तर नका पाठवू, पुण्याच्या लोकांनी आमचं काय घोडं मारलंय. बाकी सर्व ठीक. आईला गुडघा जपायला सांगा आणि तुम्ही तिला जपा.

तुमची,
सुकन्या

ता. क. छबूबाई माहेरी कळंबला निघाली आहे, तिच्याबरोबर पत्र आणि कॅसेट पाठवते. ही कापाकापीची नव्हे, परवा मामंजींनी नव्यानं म्हटलेली आहे. मधे आवाज बंद पडला तर टेपवर थाप मारू नका. टेप चांगला आहे.

ता. क. २. मागणं नाही असं वर लिहिलंय ते खरं धरू नका. रविवारी या. ढोल घेऊन या.

ता. क. ३. पत्र लिहितेय हे मामंजींना कळलं. ते म्हणाले, मी काय बोलावत न्हाय, लिही तसं. लिहिलं. मग बाहेर जाऊन परत आले आणि तुमच्या खोकल्याचं विचारू लागले. आईनं बाजारात निरोप दिला होता, की वर्षभर खोकला आहे आणि लांब दम पुरत नाही, ते मी सांगितलं. तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "म्हंजी जत्रंत पावण्यानं घाई न्हवती केली. दम हाय तवर उचलत व्हता. अन् मी चारचौघांत बोललो." त्यानंतर परवाची कॅसेट बाजूला ठेवून त्यांनी सगळं पुन्हा म्हटलं, तीच आता पाठवते. मधल्या जागा पूर्वीपेक्षा लांब वाटतील. मी विचारलं तर म्हणाले, "असू दी. त्यास्नी खोकून घ्यायला येळ ठेवलाय."